पोर्ट लुईतलं एकच जेवण: डाळपुरी की बोल रांव्हर्से?

मॉरिशसच्या सहलीत किनाऱ्यांना आठवडा मिळतो आणि पोर्ट लुईला एक दिवस. म्हणजे राजधानीत दुपारचं जेवण एकदाच. गातो पिमा, म्हणजे डाळीचे छोटे तिखट वडे, किंवा मीन फ्री नावाच्या परतलेल्या नूडल्स कुठेही फिरता फिरता होऊन जातात. पोटभर जेवायचं म्हटलं की प्रश्न डाळपुरी आणि बोल रांव्हर्से या दोघांवर येऊन थांबतो. मी दोन्ही खाल्लंय, बोल तर तीनदा, आणि आता जाणाऱ्यांना काय सांगायचं ते माझं ठरलेलं आहे.

आधी बोलचं कौतुक करतो, कारण ते खरंच आहे. हा तिथल्या चिनी वंशाच्या लोकांचा पदार्थ. वाडग्याच्या तळाशी तळलेलं अंडं, त्यावर कोंबडी, गाजर, मशरूम आणि पालेभाजी घालून केलेला दाट सॉसचा ऐवज, आणि वर भात दाबून भरलेला. ताटली झाकून वाडगा उलटा करायचा की भाताची मूद उभी राहते. आपली मूद वरणाची वाट बघते, हिचं वरण आतूनच पाझरत खाली येतं. चायनाटाऊनमधल्या साध्याशा टेबलावर पहिल्यांदा वाडगा उचलला, वाफ तोंडावर आली आणि अंड्याचा बलक फुटून भातावरून ओघळला, तेव्हा मी दोन मिनिटं कोणाशी बोललो नव्हतो. बसायला खुर्ची मिळते, भात मिळतो. चार दिवस पाव आणि मैदा खाऊन कंटाळलेल्या मराठी माणसाला याहून अधिक काय हवं?

डाळपुरी पहिल्या नजरेला तेवढी मोहात पाडत नाही. ‘घरची पोळी खायला एवढं विमान करून आलो का?’ हा प्रश्न मलाही पडला होता. पण ती घरची नाही. उकडलेली हरभऱ्याच्या वळणाची पिवळी डाळ हळद-जिरं लावून कोरडी दळायची आणि मैद्याच्या पारीत भरून इतकी पातळ लाटायची, की उजेडाकडे धरली तर आतला पिवळा थर दिसतो. पुरणपोळीतला गूळ वजा केला तरी ती अशी होत नाही, कारण आपलं पुरण ओलसर असतं आणि हे भुरभुरीत. काचेच्या पेटीत कापडाखाली थप्पी असते. विक्रेता दोन पुऱ्या सोलल्यासारख्या अलग करतो, त्यावर ग्रो प्वा म्हणजे मोठ्या पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांची, आपल्या पावट्याची थोरली बहीण शोभेल अशी उसळ, टोमॅटोचा रुगाय म्हणजे दाट रस्सा आणि कोथिंबिरीची सातिनी म्हणजे चटणी टाकतो आणि कागदात गुंडाळून हातात देतो. रुगायमधल्या थाइमचा वास ओव्याच्या जवळचा आहे. पहिल्या घासाला ओळखीचं वाटतं आणि दुसऱ्याला परकं, ते या वासामुळे. जोडीला ‘एन पेर’ म्हणतात. मिरची नको असेल तर आधीच ‘सान पिमा’ सांगा. तिथली मिरची आपल्याला जुमानत नाही.

तिचेही त्रास आहेत. रस मनगटापर्यंत येतो, बसायला जागा नसते, आणि माझ्या अनुभवात दुपारी दोननंतर चांगल्या गाडीवर पेटी रिकामी दिसते.

माझा कौल मात्र चवीवर ठरला नाही. दुसऱ्या खेपेला आई सोबत होती. तिच्या गळ्यात माळ आहे. आम्ही एका ठिकाणी अंडं आणि मांस वगळून, फक्त भाज्यांचा बोल सांगितला. मान हलली, बोल आला, आईला आवडलाही. अर्धा संपल्यावर मी सहज विचारलं, की सॉस कशाचा आहे. ‘भाज्यांचाच आहे, फक्त ऑइस्टर सॉस घातलाय.’ कालवांचा सॉस! सांगणाऱ्याच्या मनात काही खोट नव्हती. त्याच्या हिशेबी मांस नाही म्हणजे शाकाहारी. आईने चमचा खाली ठेवला, पाणी प्यायली आणि ‘असू दे रे’ म्हणाली. ते ‘असू दे’ मला अजून टोचतं. त्यानंतर एकट्याने बोल खाल्ला तेव्हाही आधी तेच आठवलं. तुमच्यात सगळे सगळं खाणारे असतील तर हा मुद्दा तुमच्यापुरता गळतो आणि बोलचं पारडं बरंच जड होतं, हे मान्य. पण आपल्याकडच्या घोळक्यात एखादी आई, मावशी किंवा चातुर्मास पाळणारे काका असतातच. त्यांच्यासाठी प्रत्येक बाटलीची चौकशी मोडक्या फ्रेंचमध्ये करत बसायचं, की सगळ्यांनी एकाच गाडीपाशी उभं राहून एकच गोष्ट खायची? खारवलेल्या मासळीचाही रुगाय असतो, म्हणून गाडीवर एकदा विचारावं. साध्या डाळपुरीवर मला तो कधी मिळाला नाही.

खर्चाचं म्हणाल तर एका बोलच्या पैशात आम्हा तिघांच्या जोड्या झाल्या आणि वर सेंट्रल मार्केटमधली आलुदाही आली. आलुदा म्हणजे सब्जा आणि अगर-अगर घातलेलं थंड दूध, फालुद्याची मॉरिशसची नात.

बाजारातून आप्रवासी घाट पायी गाठता येतो. 1834 पासून गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले भारतीय मजूर तिथे उतरले. डाळपुरी भोजपुरी लोकांची, पण मुंबईहून जहाजात बसलेली कोकणातली माणसंही याच बेटावर आली. गणेश चतुर्थीला तिथे आजही सरकारी सुट्टी असते. आईने तिच्या जोडीतली एक पुरी कोरडीच कागदात बांधून घेतली होती. संध्याकाळी खोलीवर चहाबरोबर काढली, तर ती दुपारसारखीच मऊ होती. तिने तिचे तीन तुकडे केले आणि मोठा मला दिला.