परतवाड्याजवळची रविवारची पियानो शिकवणी

चर्चमधील उपासनेनंतर भरणाऱ्या या शिकवणीला माझी मुलगी सहा महिन्यांपासून जाते. आधी डाव्या हाताने सी, एफ आणि जी हे तीनच कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे स्वरसमूह, पक्के करून घेतले जातात. मग गीतातील ओळीअखेरचा स्वर जेथे लांबतो, तेथे त्याच कॉर्डमधील स्वर सुटे करून मुलांनी स्वतःची भर घालायची असते, मात्र चाल हरवता कामा नये, कारण मंडळीला त्यावर गायचे असते. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनाच्या अंगाने जाणारी पदे या युक्तीला सहसा दाद देत नाहीत. तेथे बाई कॉर्ड सोडून नुसता सा धरायला सांगतात, आणि ते योग्यच आहे. तक्रार एवढीच, की अकरा मुलांत ६१ पट्ट्यांचा एकच कीबोर्ड आहे आणि वीज गेली की सारा वर्ग पेटीवर येतो.