'गॉब्लेट ऑफ फायर' की 'ऑल ऑफ अस व्हिलन्स': आधी कोणतं?

जादूची स्पर्धा, जिवावर बेतणारी आणि तीही किशोरवयीन मुलांची. अशी कादंबरी हवी असेल तर दोन नावं हमखास समोर येतात. एक, जे. के. रोलिंग यांच्या 'हॅरी पॉटर' मालिकेतलं चौथं पुस्तक 'गॉब्लेट ऑफ फायर' (२०००). दुसरं, अमांडा फूडी आणि सी. एल. हरमन यांनी मिळून लिहिलेलं 'ऑल ऑफ अस व्हिलन्स' (२०२१). दोन्ही चांगली आहेत, पण दोन्हीकडून एकच अपेक्षा ठेवू नये.

'जिवावर बेतणारी' हे शब्दशः घ्यायचं असेल तर 'व्हिलन्स'. इल्व्हरनाथ गावातल्या सात घराण्यांनी दर २० वर्षांनी आपलं एकेक मूल स्पर्धेत उतरवायचं. जो शेवटी जिवंत उरेल त्याच्या घराण्याकडे उच्च प्रतीच्या जादूचा ताबा. रोलिंगकडे तीन फेऱ्या, परीक्षक आणि गुण आहेत. तळ्याखालच्या फेरीला तासाची मुदत असते, पण ती चुकली तर गुण जातात, जीव नाही.

जादूचा हिशेब 'व्हिलन्स'मध्ये जास्त पक्का वाटतो. मंत्र खड्यांत साठवलेले असतात, खडा वापरून रिकामा झाला की त्यात पुन्हा कच्ची जादू भरावी लागते, आणि मंत्रांच्या ताकदीला १ ते १० अशा श्रेणी आहेत. म्हणून कोणता मंत्रकार (मंत्र तयार करणारा) कोणाला खडे पुरवतो यावर स्पर्धेआधीच बरंच ठरतं. ही जमवाजमव पुस्तकाचा मोठा भाग खाते, पण ती वाचायला मजा येते.

'गॉब्लेट'लाही सुरुवातीला धीर धरावा लागतो. आधी क्विडिच या उडत्या झाडूंवरच्या खेळाचा विश्वचषक, स्पर्धेची घोषणा १२व्या प्रकरणात, आणि हॅरीचं नाव स्पर्धक निवडणाऱ्या चषकातून बाहेर येतं ते १६व्याच्या शेवटी. मालिका वाचलेली नसेल तर निदान तिसरं पुस्तक आधी वाचा, नाहीतर स्मशानातला प्रसंग अर्धाच कळेल. फ्लर आणि क्रम या परदेशी स्पर्धकांचं मोडकं इंग्रजी उच्चाराप्रमाणे लिहिलंय, तिथे वेग कमी होतो. अशा जागा मोठ्याने वाचल्या की चटकन लागतात. 'व्हिलन्स'चं इंग्रजी सरळ आहे.

आता 'व्हिलन्स'ची खटकणारी गोष्ट. पुस्तक संपतं, स्पर्धा संपत नाही. ऐन मोक्याच्या क्षणी पान संपतं आणि निकालासाठी 'ऑल ऑफ अवर डिमाइस' (२०२२) उघडावं लागतं. दोन भागांची कथा असायला हरकत नाही, पण स्पर्धेची गोष्ट वाचताना माणूस निकालाकडे डोळे लावून बसलेला असतो. शिवाय सात स्पर्धकांपैकी फक्त चौघांच्या नजरेतून कथा येते. ज्यांना स्वतःची प्रकरणं नाहीत, त्या तिघांचं काय होणार याचा अंदाज लवकर येतो आणि त्यांच्यासाठी जीव तितकासा तुटत नाही. उलट हॅरीचा प्रतिस्पर्धी सेड्रिक याच्या नजरेतून 'गॉब्लेट'मध्ये एकही प्रकरण नाही. तरी हॅरीने ड्रॅगनची खबर दिल्याची परतफेड म्हणून तो त्याला सोनेरी अंड्यातलं कोडं सोडवायचा इशारा देतो, आणि चक्रव्यूहात विजेत्याचा कप कोणी घ्यायचा यावर दोघं 'तू घे, तू घे' करतात, तेव्हा तो आपलाच झालेला असतो.

'गॉब्लेट'वर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: हॅरी स्वतः फारसं काही करत नाही, प्रत्येक फेरीत कोणीतरी हातभार लावतं. पहिल्या वाचनात मलाही ते पटलं होतं. ड्रॅगनच्या फेरीसाठी वस्तू बोलावण्याचा मंत्र तो रात्री दोन वाजेपर्यंत घोटतो, पण तो वापरायची दिशा दुसऱ्याने दाखवलेली असते. दुसऱ्यांदा वाचताना मात्र १४व्या प्रकरणापाशी थांबा. तिथे हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल याच्या हातात पाणवनस्पतींवरचं एक पुस्तक येतं आणि आपण ते विसरून जातो. तळ्याखाली श्वास कसा घ्यायचा, हा हॅरीचा प्रश्न येतो २५व्या प्रकरणात. उत्तर त्याच्याच खोलीत, नेव्हिलकडे असतं. तो विचारत नाही एवढंच. हे पुस्तक नेव्हिलला कोणी दिलं आणि का, हे कळलं की आधीची सगळी मदत वेगळी दिसू लागते.

एकच घ्यायचं असेल तर माझा कल 'गॉब्लेट'कडे. 'व्हिलन्स'च हवं असेल तर दोन्ही भाग हाताशी ठेवूनच पहिलं पान उघडा.