यॉर्क की लिंकन? जुन्या इमारतींसाठी एकच दिवस असेल तर

लंडनला आलोय, एक दिवस मोकळा आहे आणि जुनं कॅथेड्रल असलेलं एखादं गाव बघायचंय, असं म्हटलं की सगळे डोळे झाकून यॉर्क सुचवतात. सोबत लहान मुलं किंवा गुडघेदुखीचे आईबाबा असतील, तर मीही तेच सुचवेन. पण तुम्ही खास इमारतींसाठीच निघाला असाल, तर माझं मत लिंकनला.

प्रवास जवळपास सारखाच. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनहून दोन्हीकडे साधारण दोन तास. लिंकनच्या थेट गाड्या मात्र कमी, कधी न्यूआर्कला गाडी बदलावी लागते.

यॉर्क सपाट आहे. स्टेशनाबाहेर पडताच तटबंदी दिसते. तिच्यावरून फुकट चालता येतं आणि मिन्स्टर, म्हणजे यॉर्कचं कॅथेड्रल, सतत नजरेसमोर राहतं. काही ठिकाणी आतल्या बाजूला कठडा नाही, मुलांचा हात सोडू नका. मिन्स्टरमध्ये पूर्वेची खिडकी चुकवू नका. टेनिस कोर्टाएवढ्या त्या खिडकीवर जॉन थॉर्नटनने जगाची उत्पत्ती आणि अंत काचेत रंगवलाय. 1405 ला करार झाला, 1408 ला काम पुरं. वरची चित्रं नुसत्या डोळ्यांनी कळत नाहीत, छोटी दुर्बीण जवळ ठेवाच. शॅम्बल्सच्या गल्लीत दुपारी मुंगी शिरायला जागा नसते. त्यापेक्षा 1357 साली बांधायला घेतलेला व्यापाऱ्यांचा लाकडी मर्चंट अॅडव्हेंचरर्स हॉल बघा. वर भव्य दिवाणखाना, खाली गोरगरिबांसाठीचा दवाखाना आणि प्रार्थनागृह, सगळं एकाच छताखाली.

लिंकनमध्ये इमारतींवर काळाचे थर उघडे दिसतात, आणि माझा जीव तिथेच अडकतो. कॅथेड्रल 1072 च्या सुमारास सुरू झालं, 1185 च्या भूकंपात बरंचसं कोसळलं, मग बिशप ह्यू यांनी 1192 पासून नव्याने बांधायला घेतलं. पश्चिमेच्या दर्शनी भिंतीसमोर दहा मिनिटं नुसतं उभं राहा. मधोमध जुन्या नॉर्मन (अकराव्या-बाराव्या शतकातल्या) बांधणीच्या खोल कमानी आणि त्यांच्या भोवती, वरती नंतरच्या टोकदार गॉथिक कमानींच्या रांगा. जुनं पाडलं नाही, त्यालाच नवं जोडत नेलं. आत ह्यू यांच्या गायनकक्षात छताच्या दगडी फासळ्या मुद्दाम समोरासमोर न जुळवता तिरक्या नेल्यात. अशी रचना मला यॉर्कमध्ये दिसली नाही. मधल्या मनोऱ्यावर पूर्वी उंच शिखर होतं, ते 1548 मध्ये कोसळलं.

शेजारच्या किल्ल्यात 1215 च्या मॅग्ना कार्टाची, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेची, मूळ प्रत आहे. थोडं उत्तरेला न्यूपोर्टची रोमन कमान, तिच्याखालून आजही गाड्या जातात.

अडचण एकच, स्टीप हिलचा चढ. नावाप्रमाणेच तो छातीवर येतो. म्हणून स्टेशनावरून टॅक्सीने थेट वर जा आणि सगळं बघून पायी उतरा. उतरताना बाराव्या शतकातलं ज्यूज हाऊस लागतं. त्याच्या दाराची गोल कमान नीट बघा, वरच्या मजल्यावरच्या चुलाण्याचं धुराडं त्या कमानीच्याच आधारावर उभारलेलं आहे. अगदी खाली हाय ब्रिज, पाठीवर लाकडी चौकटीची घरं घेऊन उभा असलेला मध्ययुगीन पूल. तिथून स्टेशन चालत काही मिनिटांवर आहे.