सिलिकॉनची रिंग पेसरी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

अंग बाहेर येतंय म्हटलं की सल्ला ठरलेला, पिशवी काढून टाक. पण खाली उतरतं ते दरवेळी गर्भाशयच नसतं. पुष्कळदा योनीच्या पुढच्या भिंतीतून मूत्राशय किंवा मागच्या भिंतीतून गुदाशय फुगून येतं, आणि पिशवी काढल्यावरही योनीचा माथा खाली सरकू शकतो. म्हणून ऑपरेशनचा निर्णय घेण्याआधी रिंग पेसरी, म्हणजे खाली उतरलेल्या भागाला आतून आधार देणारी, योनीत बसवायची गोल कडी, वापरून पाहावी, असं आठ महिन्यांनंतर माझं ठाम मत आहे.

रिंगने दुखणं मुळातून बरं होत नाही. काढली की फुगवटा परत येतो. पण माप बरोबर असेल तर ओट्यापाशी उभं राहून संध्याकाळी जे खाली ओढल्यासारखं, काहीतरी निसटतंय असं वाटतं, ते पुष्कळ कमी होतं.

सगळा खेळ मापाचा आहे. बहुतेकींना ६५ ते ८० मिलिमीटरच्या आसपासचं माप लागतं. रिंग आणि भिंत यांच्यात एक बोट सहज फिरायला हवं. लहान झाली तर पडते, मोठी झाली तर रुतते आणि लघवी अडते. बसवल्यावर दवाखान्यातच चाला, खोका, उकिडवं बसा, लघवी करून पाहा. लघवी झाली नाही तर तसंच घरी येऊ नका. पहिलं माप बदलावं लागणं नेहमीचंच, त्यात काही बिघडलेलं नाही.

घरी स्वतः काढता-घालता येणं हा या रिंगचा मोठा गुण. हात धुऊन कोरडे करा, नाहीतर ती निसटते. रिंग दुमडली की करंजीसारखी दिसते. मधोमध पडदा असलेली रिंग ठरलेल्या खाचेवरच दुमडते. पाण्यात विरघळणारी जेली फक्त आत जाणाऱ्या टोकाला लावा, गोल कड वर ठेवून आत सरकवा. उघडली की पाव वळसा द्या, म्हणजे खाच समोर राहत नाही आणि रिंग आपोआप दुमडून बाहेर येत नाही. काढताना उलट: खाच समोर आणा, कडेत बोट अडकवा, हलकेच कुंथा आणि ओढा. आठवड्यातून एकदा काढून सौम्य साबणाने धुतली तर स्राव आणि वास कमी राहतो. हे जमत नसेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने, सहसा ३ ते ६ महिन्यांनी, दाखवून यायचं.

रिंग पडते ती बहुतेक वेळा संडासात, बद्धकोष्ठात कुंथल्यामुळे. रात्री इसबगोल, भरपूर पाणी, आणि जोर लावताना खालून हाताचा आधार, एवढ्याने फरक पडतो. कधी उलटंच घडतं: रिंग बसल्यावर खोकताना लघवी गळू लागते. मूत्राशय वर उचललं गेल्याने आधी झाकलेली गळती उघडी पडते. ते डॉक्टरांना सांगा, उपाय आहेत.

पाळी गेल्यानंतर भिंत पातळ आणि कोरडी होते, तिथे रिंग घासून जखम करते. त्यासाठी इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचं क्रीम लिहून देतात. स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर ते आधी सांगायलाच हवं. रक्त, दुर्गंधी स्राव, ताप किंवा लघवी बंद, यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

रिंग आत आहे हे घरातल्या एका तरी माणसाला माहीत हवं. वर्षानुवर्षं विसरलेली रिंग भिंतीत रुतून मूत्राशयाला किंवा गुदाशयाला भोक पाडू शकते. माप, बसवल्याची तारीख आणि पुढच्या तपासणीची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा.