मध्यवर्ती कारागृहातील मुलाखत : नातेवाइकांच्या रांगेतून

फाशीची शिक्षा झालेल्या एका बंद्याच्या आईसोबत मी वर्षभरात 3 वेळा एका मध्यवर्ती कारागृहात मुलाखतीसाठी, म्हणजे बंद्याच्या भेटीसाठी, गेलो. दुकानाचे परीक्षण लिहितात तसे या सेवेचेही लिहावे असे वाटले, कारण इथून नाराज होऊन दुसऱ्या दुकानात जाण्याची सोय कोणालाच नाही.

वेळ ऑनलाइन ठरवता येते, हे चांगले आहे; मात्र साधा फोन वापरणाऱ्या आईला त्यासाठी दरवेळी शेजारच्या मुलाला गाठावे लागते. रात्रभर एसटीचा प्रवास, फाटकापाशी दोन तासांची ताटकळ, आणि मग काचेपलीकडच्या मुलाशी इंटरकॉमवर 20 मिनिटे. दुसऱ्या खेपेला इंटरकॉम इतका खरखरत होता की, त्यातला बराच वेळ ‘ऐकू येतंय का’ विचारण्यातच गेला.

झडती आवश्यक आहे, हे आईलाही मान्य आहे. परंतु तिसऱ्या खेपेला तिला रांगेतल्या सर्वांसमोर अंबाडा सोडायला लावला. भेटीला येणाऱ्यांची झडती मानहानिकारक नसावी, असे कैद्यांच्या वागणुकीविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या नेल्सन मंडेला नियमांतील 60 वा नियम स्पष्ट सांगतो. आडोशाला एक पडदा लावला असता तरी पुरे होते.

खरी उणीव माहितीची आहे. दयेच्या अर्जाचे काय झाले, या प्रश्नाला तिन्ही वेळा ‘कळवू’ एवढेच उत्तर मिळाले. दयेचा अर्ज फेटाळल्यास ते बंद्याला व कुटुंबाला लेखी कळवावे, त्यानंतर फाशीपूर्वी किमान 14 दिवस जाऊ द्यावेत आणि शेवटची भेट घडवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने शत्रुघ्न चौहान प्रकरणात 21 जानेवारी 2014 रोजी बजावले. त्याच्या आदल्या वर्षी, 9 फेब्रुवारीला, अफजल गुरूला तिहारमध्ये फाशी दिली गेली आणि ते कळवणारे, स्पीड पोस्टने पाठवलेले पत्र त्याच्या काश्मीरमधील घरी पोहोचले ते 11 तारखेला. त्यामुळे या आईचा पत्ता नोंदवहीत काय आहे, हे मी मुद्दाम विचारले. तो जुन्या, केव्हाच सोडलेल्या घराचा निघाला.

कारकुनाने कुरकुर न करता 10 मिनिटांत तो बदलून दिला. पाचपैकी मी देतो त्या दोन ताऱ्यांपैकी एक त्याचा आहे. जाणाऱ्यांनी पत्ताबदलाचा अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि एका प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.