तांबोपाता, किनाबातांगान की दानुम? वर्षावनातला लॉज निवडताना

वर्षावनातल्या लॉजवरून परतलेल्या पाहुण्यांची एक ठरलेली तक्रार असते: ‘एवढे पैसे मोजले, एवढ्या लांब गेलो, आणि प्राणी काही धड दिसले नाहीत.’ यात लॉजचा दोष क्वचितच असतो. जंगल जितकं अखंड, उंच आणि दाट, तितके त्यातले प्राणी विखुरलेले आणि पानांआड. तेच जंगल तुटकं, अरुंद आणि पाण्याला चिकटलेलं असलं, की ते समोर येतात. म्हणून खोल्यांचे फोटो चाळण्याआधी एवढं ठरवा, की तुम्हाला प्राणी बघायचे आहेत की जंगल. दोन्ही हवं असेल तर किती रात्री आणि किती चिखल सोसणार, तेही ठरवा.

इथे तीन ठिकाणं शेजारी शेजारी ठेवली आहेत. पेरूमधला तांबोपाताचा राखीव प्रदेश हे पहिलं. उरलेली दोन बोर्निओ बेटावरच्या मलेशियाच्या सबा राज्यातली: किनाबातांगान नदीचा काठ आणि दानुम खोरं.

पोचण्यात किती दिवस जातात

तांबोपातासाठी विमानतळाचं गाव म्हणजे पुएर्तो माल्दोनादो. लिमाहून विमानाने तिथे उतरायचं, गाडीने धक्क्यावर जायचं आणि मग छत असलेल्या लांब, अरुंद मोटरबोटीने नदीतून वर. जवळचे लॉज तास-दोन तासांत येतात, वरच्या अंगाला असलेल्यांना चार-पाच तासही लागतात. इथेच बऱ्याच जणांचा हिशेब चुकतो. ‘3 दिवस 2 रात्री’ असं पॅकेज घेतलं, तर पहिल्या दिवशी पोचेपर्यंत संध्याकाळ होते आणि तिसऱ्या दिवशी विमान गाठायला सकाळीच निघावं लागतं. जंगलाच्या वाट्याला एकच पूर्ण दिवस येतो. त्या दिवशी पाऊस लागला, की संपलं. इथे 3 रात्रींपेक्षा कमी जाऊच नये, वरच्या अंगाचा लॉज असेल तर 4.

कोरड्या मोसमात, म्हणजे साधारण मे ते ऑक्टोबर, नदीचं पाणी उतरतं. बोट वाळूच्या पट्ट्यांना आणि बुडालेल्या ओंडक्यांना चुकवत हळू जाते. शिवाय धक्का आणि लॉज यांच्यामधला काठ उघडा पडतो, आणि पावसाळ्यात जिथे दहा-बारा पायऱ्या चढाव्या लागतात तिथे त्याच्या कितीतरी पट चढाव्या लागतात. पायऱ्या मातीत कोरलेल्या किंवा फळ्यांच्या असतात, कडेला दोरीचा आधार असला तर असला. गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल तर बुकिंगआधी ‘आमच्या महिन्यात काठावर किती पायऱ्या असतील’ हे नेमकं विचारा.

किनाबातांगान सगळ्यांत सोपं. सांडाकानला उतरून गाडीने सुकाऊ किंवा बिलित या काठच्या गावांपर्यंत दोन-अडीच तास, डांबरी रस्ता. वाटेत सेपिलोकचं ओरांगउटान पुनर्वसन केंद्र (1964 पासूनचं) बघून दुपारी लॉजवर पोचता येतं आणि त्याच संध्याकाळी पहिली बोटफेरी मिळते. दोन रात्री पुरतात.

दानुमसाठी लाहाद दातूला उतरायचं. तिथून लॉजचीच गाडी नेते, दोन-अडीच तास, त्यातला बराच भाग खडीचा. जोराच्या पावसानंतर रस्ता बंद पडू शकतो, म्हणून परतीचं विमान सकाळचं घेऊ नये. मुक्कामाची ठिकाणं मोजकी आहेत आणि तिन्हींत सर्वांत महाग हेच पडतं.

दिसतं काय

किनाबातांगान ही 560 किलोमीटरची, सबातली सर्वांत लांब नदी. तिच्या खालच्या भागात काठालगत जंगलाचे पट्टे उरले आहेत आणि त्यांच्या मागे मैलोन्‌मैल तेलताडाची लागवड. प्राणी इतके सहज दिसतात ते यामुळेच: त्यांना जायला दुसरी जागा नाही. हे कळल्यावर काहींचा उत्साह ओसरतो, आणि ते समजण्यासारखं आहे. पण 2005 मध्ये अभयारण्य जाहीर झालं म्हणून उरलेले पट्टे टिकून आहेत, आणि काठच्या गावांना पर्यटनाचा थेट आधार आहे, हेही खरं.

इथला दिवस बोटीवर जातो. सकाळी सहाच्या सुमारास एक फेरी, दुपारी चारच्या आसपास दुसरी, रात्री टॉर्च घेऊन तिसरी. लांब नाकाची प्रोबोसिस माकडं रात्री झोपायला काठावरच्या झाडांवर येतात, त्यामुळे संध्याकाळच्या फेरीत ती जवळजवळ हमखास भेटतात. बोर्निओतल्या धनेशाच्या आठही जाती या खोऱ्यात आहेत. ओरांगउटान दिसणं बरंचसं उंबराच्या फळांवर अवलंबून: झाड फळलं असेल तर सलग तीन दिवस तिथेच, नसेल तर कुठेच नाही. बोर्निओचे ठेंगणे हत्ती गवताच्या मागे काठाकाठाने फिरतात. ते कोणत्या टप्प्यात आहेत हे बोटवाल्यांना रोज माहीत असतं, पण बोटीच्या आवाक्याबाहेर असतील तर इलाज नसतो. ‘हत्ती नक्की दाखवतो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

दानुम याच्या अगदी उलट. 438 चौरस किलोमीटरचं, कुऱ्हाड न लागलेलं जंगल. 2019 मध्ये इथल्या एका पिवळ्या मेरांती झाडाची उंची मोजली गेली ती 100.8 मीटर. अशा झाडांच्या शेंड्याला बसलेला लालसर ओरांगउटान खालून कसा दिसतो? पांढऱ्या आकाशावर एक काळा ठिपका, आणि अधूनमधून खाली टपकणारी सालपटं. मान अवघडते. 8×42 ची दुर्बीण नसेल तर निम्मं दानुम वाया गेलं समजा. लॉजपाशी झाडांमधून सुमारे 300 मीटरचा झुलता पूल आहे, तिथून पक्षी डोळ्यांच्या पातळीवर येतात. रात्रीच्या गाडीफेरीत उडत्या खारी, उदमांजरं आणि नशीब असलं तर स्लो लॉरिस. पण इथला खरा ठेवा म्हणजे पायवाटा, पहाटे गिबनांची साद आणि त्या खोडांच्या तळाशी उभं राहणं. यादी पुरी करायला आलेला माणूस इथे वैतागतो.

तांबोपाता मधे कुठेतरी. इथलं मुख्य आकर्षण म्हणजे ‘कोल्पा’, नदीकाठची मातीची उघडी दरड. तिथे पोपट आणि मकाव माती खायला उतरतात. समुद्रापासून इतक्या दूर अन्नात सोडियम कमी पडतं, ते या मातीतून मिळतं. त्यासाठी चार-साडेचारला उठून अंधारात बोटीत बसायचं. उजाडल्यावर आधी लहान पोपट येतात. मोठे मकाव बराच वेळ वरच्या फांद्यांवर जोडीजोडीने कलकलाट करत बसतात, एखादा उतरतो, मग दुसरा, आणि दरड लाल-निळी होते. तेवढ्यात एखादा शिकारी पक्षी फिरकला, की सगळा थवा एकदम उडतो आणि त्या सकाळी परत येईलच असं नाही. पावसात तर उतरतच नाहीत. म्हणून कोल्पासाठी दोन सकाळी हाताशी ठेवा.

दुसरं आकर्षण नदीने सोडून दिलेली नालाकृती तळी. त्यांत महाकाय पाणमांजरांची कुटुंबं असतात. एका तळ्यात एकच कुटुंब, त्यामुळे ते दूरच्या टोकाला असलं तर दुर्बिणीतूनच बघावं लागतं. विमान उतरताना खिडकीतून मातकट खड्ड्यांचे विस्तीर्ण पट्टे दिसतील: ती सोन्याची बेकायदा खाण. तेलताड तिकडे, सोनं इकडे.

लॉज कोणाचा आहे हेही पाहण्यासारखं. पोसादा आमासोनास हा लॉज इन्फिएर्नो गावाने 1996 मध्ये एका पर्यटन कंपनीशी केलेल्या 20 वर्षांच्या करारातून उभा राहिला, त्या करारात नफ्यातला 60 टक्के वाटा गावाचा होता. अशा ठिकाणी बोटवाला आणि गाईड त्याच नदीवर वाढलेले असतात, आणि तो फरक पहिल्याच चालीत जाणवतो.

अंगावर काय येतं

दानुममध्ये जळवा. तपकिरी जळू पालापाचोळ्यात असते, चावलेली कळत नाही. वाघजळू कमरेएवढ्या पानांवर वाट बघत असते आणि तिचा चावा चांगलाच झोंबतो. घट्ट विणीचे जळूमोजे पँटवरून गुडघ्यापर्यंत ओढून त्यावर बूट घालायचे आणि शर्ट पँटमध्ये खोचायचा. लोक नेमकं हे दुसरं विसरतात. चिकटलीच तर मीठ, तंबाखू, काडी काही लावू नका, त्याने ती पोटातलं जखमेत ओकू शकते. बारीक टोकाखाली नख सरकवलं की सुटते. नंतर रक्त तासन्‌तास झिरपतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. घाबरण्यासारखं काही नसतं, शर्ट मात्र गेला.

तांबोपातात जळवांचा त्रास जवळपास नाही, पण वालुमाश्या आहेत. त्या इतक्या बारीक, की साध्या मच्छरदाणीतून आत येतात, आणि त्यांच्यामुळे लीशमनियासिस हा त्वचेवर व्रण उठवणारा रोग पसरतो. संध्याकाळी पूर्ण बाह्या आणि डीट या कीटक पळवणाऱ्या रसायनाचं मलम लागतंच. हे डीट प्लास्टिक विरघळवतं: चष्म्याची फ्रेम, घड्याळाचा पट्टा, दुर्बिणीची रबरी पकड. तळहाताला लावलं तर पुसूनच दुर्बीण हातात घ्या. कठड्याला किंवा खोडाला हात टेकण्याआधी बघायची सवयही लावून घ्या. बंदूकमुंगी (बुलेट अँट) या मोठ्या मुंगीचा डंख दिवसभर ठणकतो.

खोल्यांचा फरकही मोठा. तांबोपातातल्या अनेक लॉजमध्ये खोलीची एक बाजू भिंतीविना जंगलाकडे उघडी असते. काहींना तेच सर्वांत आवडतं, काहींना पहिली रात्र झोप लागत नाही. मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचा आणि खोलीत बिस्किटाचा पुडाही ठेवू नका, उंदीर पिशवी कुरतडून नेतात. वीज ठराविक तास, चार्जिंग बहुधा बैठकीच्या जागेत. किनाबातांगानच्या बऱ्याच लॉजना वातानुकूलित खोल्या आहेत. त्याचा तोटा पहाटे कळतो: थंड खोलीतून कॅमेरा थेट बोटीवर नेला, की भिंग धुकटतं आणि पहिली वीस मिनिटं हातची जातात. रात्री कॅमेरा बंद पिशवीत घालून बाथरूममध्ये किंवा ओसरीवर ठेवला तर हे टळतं. कपडे तिन्हीकडे वाळत नाहीत. जीन्स घरी ठेवा.

जून ते ऑगस्टमध्ये तांबोपाताला ‘फ्रियाहे’ येतो, दक्षिणेकडून चढणारी थंडीची लाट. पारा 10-12 अंशांवर येतो आणि वेगवान बोटीतल्या वाऱ्यात दात वाजतात. वर्षावन म्हणून नुसते पातळ शर्ट नेलेले पाहुणे मग लॉजची ब्लँकेटं पांघरून बोटीत बसतात. एक गरम जाकीट न्याच. किनाबातांगानची अडचण वेगळी: डिसेंबर-जानेवारीच्या पावसात नदी काठ सोडते आणि पायवाटा पाण्याखाली जातात.

तर कोणी कुठे

लहान मुलं, वडीलधारी मंडळी किंवा हाताशी फक्त दोन रात्री: किनाबातांगान, दुसरा विचार नको. झाडं, पक्षी आणि शांतता यांच्यासाठी खर्च करायची तयारी असेल तर दानुम, 3 रात्री. सबात आठवडा असेल तर दोन्ही जोडा, पण आधी किनाबातांगान. प्राणी बघण्याची भूक तिथे भागली, की दानुममध्ये माणूस निवांत चालतो. पेरूला जाणारच असाल तर तांबोपाता. माचू पिक्चूला जाताना लागणारं कुस्को शहर सुमारे 3,400 मीटर उंचीवर आणि पुएर्तो माल्दोनादो 200 मीटरच्या आसपास, तेव्हा उंचीवर दम लागणाऱ्यांनी विश्रांतीचा दिवस कुस्कोच्या बाजूला ठेवावा.

डॉक्टरांकडे निदान सहा आठवडे आधी जा. सबात माकडांकडून माणसांत येणारा नोलेसी मलेरिया आहे, त्याबद्दल स्पष्ट विचारा. तांबोपातासाठी पीतज्वराची लस घ्यावी, आणि तिचं प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी लागू होतं. भारत आणि मलेशिया दोघेही पीतज्वराच्या देशांतून येणाऱ्यांकडून हे पिवळं पुस्तक मागतात. भारतात ते नसल्यास विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. ते पासपोर्टच्या पाकिटातच ठेवा, मोठ्या बॅगेत नको: तपासणी बॅग हाती येण्याआधी होते.