नॉर्थगेटचा क्रॅकन कम्युनिटी आइसप्लेक्स: बघणाऱ्यांनी खेळूनही बघावं

सिएटल परिसरातल्या मराठी मंडळींत क्रॅकन या आइस हॉकी संघाचे सामने बघायला जाणारे आता बरेच झालेत. संघाच्या घरच्या स्टेडियममध्ये, क्लायमेट प्लेज अरीनाच्या जिन्यात हटकून कुणीतरी ओळखीचं भेटतं. भेटेल त्याला मी एकच सांगते, की नुसते बघत बसू नका, नॉर्थगेटला जा आणि स्वतः बर्फावर उतरा. मी तिथल्या मोठ्यांच्या लीगमध्ये सगळ्यात खालच्या गटात लेफ्ट विंगला, म्हणजे आक्रमणात डाव्या बाजूला, खेळते. चाळिशी ओलांडली आहे. लहानपणी नाशिकला चार चाकांचे रोलर स्केट घातले होते, तेवढंच भांडवल. बरेच जण फोन करून विचारतात, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहिते आहे.

आधी जागेबद्दल. नॉर्थगेट मॉल १९५० सालचा. त्याचा मोठा भाग पाडून तिथे हे संकुल उभं राहिलं आणि २०२१ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालं, म्हणजे क्रॅकन एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक हॉकी लीगचा, बत्तिसावा संघ म्हणून पहिला सामना खेळायच्या थोडंच आधी. एका छपराखाली तीन रिंक, म्हणजे बर्फाची मैदानं आहेत, तिन्ही एनएचएलच्या मापाचे, २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. मुख्य रिंकभोवती हजारभर लोक बसू शकतात. वरच्या मजल्यावर ३२ बार अँड ग्रिल आहे, तिथून काचेतून खाली बर्फ दिसतो. बरोबर आलेल्यांची तिथे चांगली सोय होते. खेळणाऱ्याने मात्र सामन्याआधी जड खाऊ नये. मी घरून एक केळं आणि तूप-गुळाची पोळी खाऊन निघते, ती मला शेवटच्या पिरियडपर्यंत पुरते.

रिंक कर्कलंडला आहेत, रेंटनला आहेत, केंटला आहेत. मग नॉर्थगेटच का? माझ्यासाठी पहिलं कारण गटवारी. याआधी मी दुसरीकडे, आणखी लांबच्या एका लीगमध्ये एक हंगाम काढला. तिथे तुम्ही फॉर्मवर जे लिहाल तोच तुमचा गट. कॉलेजात हॉकी खेळलेला गडी ‘नवशिका’ लिहून आमच्यात यायचा, एका सामन्यात चार-पाच गोल मारायचा आणि खूश होऊन घरी जायचा. आमच्या टीममधली एक मुलगी अशाच एकाच्या वेगापुढे रिंकच्या कडेच्या बोर्डवर आपटली, खांदा धरून बाहेर आली, ती परत कधी आली नाही. खेळ शिकायला आलेलं माणूस असं गमावणं मला आजही सलतं.

नॉर्थगेटला मी खेळते त्या गटात सगळे साधारण एका पातळीचे आहेत. पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, कुणाच्याच स्टिकवर फार वेळ टिकत नाही, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला येतो. उलटं स्केटिंग करता येणारा डिफेन्समन आमच्याकडे मोठा खेळाडू समजला जातो. कुणाचा खेळ स्पष्टपणे वरचा दिसला तर त्याला वरच्या गटात जायला सांगतात, आणि तो जातो. मोठ्यांच्या हौशी हॉकीत बहुतेक ठिकाणी अंगाने धडक मारून पाडायला बंदी असते. पण नियम कागदावर असणं वेगळं आणि रेफरीने शिटी वाजवणं वेगळं. इथले रेफरी वाजवतात. आमच्या सामन्याला प्रेक्षक म्हणजे कुणाची तरी बायको आणि पेंगुळलेली दोन मुलं, तरी रेफरी ऑफसाइडसाठी निळ्या रेघेवर बरोबर जागेवर उभा असतो. ज्याला उद्या सकाळी कामावर जायचं आहे त्याच्यासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे.

आता ज्यासाठी मी हा सगळा खटाटोप करते ते सांगते. खेळायला लागल्यावर बघणं पूर्ण बदलतं.

टीव्हीवर पाहताना आपली नजर पकवर असते. बर्फावर उतरलात की पहिल्याच आठवड्यात कळतं, की खरा खेळ पकपासून लांब चाललेला असतो. शिफ्टचंच, म्हणजे एका दमात बर्फावर खेळायच्या पाळीचंच घ्या. एनएचएलचा खेळाडू साधारण ४५ सेकंद जीव तोडून पळतो आणि बाहेर येतो. खेळ थांबत नाही. चालू खेळात एक आत उडी मारतो, एक दारातून बाहेर. खो-खोत खो कधी द्यायचा याला जेवढं महत्त्व, तेवढंच इथे बेंचकडे कधी वळायचं याला. पक आपल्या गोलपासून लांब, समोरच्याच्या टोकाला ढकलला की वळायचं. पक आपल्याच भागात असताना दमलात म्हणून बाहेर आलात, तर मागे चार जण पाचांशी लढतात. आमच्या टीममध्ये जेमतेम दोन ओळी, म्हणजे आळीपाळीने उतरणाऱ्या दोन तुकड्या, भरतील इतकीच माणसं येतात, म्हणून आमच्या शिफ्ट लांबतात. दीड मिनिट झालं की मांड्या पेटतात, गुडघे आपोआप सरळ होतात आणि गुडघे सरळ झाले की वेग संपला. हे अंगाने कळल्यावर टीव्हीवर एखादा खेळाडू बर्फावर अडकून पडलेला दिसला, की मला इथे सोफ्यावर धाप लागते.

ऑफसाइडचंही तसंच. पक समोरच्याच्या भागाची निळी रेघ ओलांडायच्या आधी तुमचे दोन्ही स्केट आत गेले की शिटी. वाचायला सोपं आहे. पण विंगवरून वेगात येताना पक दुसऱ्याकडे आहे, तो अर्धा क्षण रेंगाळतो आणि तुम्हाला एक पाय रेघेवर घासत ठेवून थांबायचं असतं. मी मागचा पाय आडवा ओढत राहायला शिकले तेव्हा मला ३० एप्रिल २०२३ चा सामना नव्याने दिसला. कोलोरॅडो ॲव्हलांच म्हणजे आदल्या वर्षीचे विजेते, मालिकेतला सातवा सामना, त्यांच्याच घरी. ऑलिव्हर ब्योर्कस्ट्रँडने दोन गोल केले, क्रॅकन २-१ ने जिंकले आणि पहिल्यांदाच प्लेऑफची, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद सामन्यांची, एक फेरी पार केली. त्या सामन्यात नेथन मॅकिननचा एक गोल ऑफसाइड ठरून रद्द झाला. तेव्हा आम्ही घरात नुसते ओरडत होतो. आता तेच दृश्य बघते तेव्हा माझं लक्ष फक्त रेघेवरच्या स्केटवर असतं.

आणि हे शिकायचं ठिकाण म्हणून आइसप्लेक्ससारखी दुसरी जागा माझ्या माहितीत नाही, कारण क्रॅकन सराव इथेच करतात. बहुतेक सराव लोकांना बघायला खुले असतात, तिकीट लागत नाही. काचेला नाक लावून उभं राहावं. जोई डॅकॉर्ड हा गोलकीपर पक फार छान हाताळतो, जाळं सोडून मागे जातो आणि पास देतो. टीव्हीवर कॅमेरा तोवर दुसरीकडे गेलेला असतो, इथे तो संपूर्ण दिसतो. हाच डॅकॉर्ड १ जानेवारी २०२४ ला टी-मोबाइल पार्कच्या उघड्या मैदानात व्हेगासविरुद्ध एकही गोल न देता खेळला, सामना ३-० ने जिंकला. विंटर क्लासिक या एनएचएलच्या उघड्यावरच्या सामन्यांमधला तो पहिला शटआउट. २०२४ च्या जुलैमध्ये जेसिका कॅम्पबेल क्रॅकनची सहायक प्रशिक्षक झाली, एनएचएलमधली या पदावरची पहिली पूर्णवेळ बाई. तिला स्केट घालून सराव घेताना मी मुलीला मुद्दाम नेऊन दाखवलं. बोलले काहीच नाही, फक्त पुढे उभी केली.

सकाळी ज्या बर्फावर क्रॅकन, रात्री त्याच संकुलात आम्ही. आणि रात्री म्हणजे खरंच रात्री. दुपार-संध्याकाळ मुलांच्या वर्गांची आणि संघांची असते, ते योग्यच आहे. मोठ्यांच्या वाट्याला उशिराचे सामने येतात, जगातल्या सगळ्या रिंकवर येतात. दहानंतर पक पडतो, घरी येऊन आंघोळ होईपर्यंत मध्यरात्र, आणि अंगात इतकी तरतरी असते की तासभर झोप येत नाही. घरात तान्हं बाळ असेल किंवा पहाटे उठायची नोकरी असेल, तर नाव नोंदवण्यापूर्वी घरच्यांशी नीट बोलून घ्या. बर्फ मात्र उशिराही उत्तम असतो. आमच्या आधी झॅम्बोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, फिरून गेलेली असते आणि तिच्या गरम पाण्याचा ओला थर गोठून काच झालेला असतो. सामना पुढे सरकतो तसा स्केटनी खरवडलेला भुगा साचतो, पक उड्या मारायला लागतो. म्हणून पहिली दहा मिनिटं पास द्या, नंतर सरळ गोलकडे मारा. हा सल्ला आमच्या कप्तानाचा, आणि तो कामी येतो.

सामान घेताना हेल्मेट, चेहऱ्यापुढची जाळी आणि स्केट यांत काटकसर करू नका. हेल्मेट नवंच घ्या. स्केट दुकानात बसून, पायात घालून घ्या: बॉअर किंवा सीसीएमचा स्केट चालायच्या बुटापेक्षा एक-दीड साइज लहान लागतो. टाच आत जरासुद्धा उचलली जाता कामा नये. ओव्हनमध्ये गरम करून पायाच्या आकाराला बसवून देतात, ते जरूर करून घ्या. बाकी शिनगार्ड, कोपर, खांदे, ढगळ पँट हे सगळं वापरलेलं चालतं. स्टिक सुरुवातीला स्वस्तातली घ्या, पण जास्त लवचीक घ्या. आपल्या वजनाला कडक स्टिक वाकतच नाही.

धारेबद्दल जरा जास्त सांगते, कारण आपल्याकडच्या नवीन माणसाला हे कुणी सांगत नाही. स्केटच्या पात्याला एक धार नसते, दोन असतात, आतली आणि बाहेरची, आणि मधे खोलगट चर असतो. चर खोल असेल तर धार बर्फ घट्ट पकडते. उथळ असेल तर स्केट सुळकन पुढे जातो, पण पकड कमी. दुकानात काहीच सांगितलं नाही तर साधारण अर्ध्या इंचाची त्रिज्या देतात. रोलर स्केटवर पुढच्या रबरी ठोकळ्याने थांबायची सवय असते. इथे थांबायचं म्हणजे दोन्ही पाय एकदम आडवे वळवून पातं बर्फावर तासत न्यायचं. धार फार पकडणारी असेल तर पातं तासत नाही, रुततं, आणि माणूस पुढे जातो. मी पाच-अष्टमांश इंचावर गेले, चर जरा उथळ केला, आणि माझं थांबणं सुधारलं. अंगाने हलक्या माणसाला पुन्हा खोल चर आवडू शकतो. दोन-तीन सामन्यांनी एकदा धार लावून घ्या आणि पाती पुसल्याशिवाय बॅगेत टाकू नका. एका रात्रीत गंज धरतो.

ओलं सामान हा सिएटलमधला वेगळाच विषय आहे. आठ महिने हवेत दमटपणा, बाहेर काही वाळत नाही. गॅरेजमध्ये कपडे वाळत घालायच्या स्टँडवर सगळं पसरून पंखा लावते. सामन्यानंतर बॅग गाडीत राहिली तर दुसऱ्या दिवशी गाडीत बसवत नाही.

खर्च स्वस्त नाही, हे सरळ सांगते. हंगामाची फी काहीशे डॉलरची, त्यावर यूएसए हॉकीची वार्षिक नोंदणी, ज्यात विमा येतो. शिवाय ईस्टसाइडवरून, म्हणजे तळ्याच्या पूर्वेकडून, ५२० महामार्गाच्या पुलाने आलात तर टोल. आय-९० महामार्गावर टोल नाही, पण वळसा पडतो. मी वर्षाचा जिम बंद केला आणि तो पैसा इकडे वळवला. जिममध्ये मला कुणी नावाने हाक मारत नव्हतं. इथल्या लॉकर रूममध्ये एक सुतारकाम करणारा, एक नर्स, दोन सॉफ्टवेअरवाले आणि साठी पार केलेले एक निवृत्त शिक्षक माझी वाट बघतात, आणि मी एखादा सामना चुकवला तर मेसेज येतो.

अगदी शून्यापासून येणाऱ्याने थेट लीगमध्ये उडी मारू नये. आधी सार्वजनिक स्केटिंगला या, मग मोठ्यांचे स्केटिंगचे आणि हॉकीचे वर्ग करा. मधे मधे ‘स्टिक अँड पक’च्या वेळेला येऊन एकटे पक मारत बसा, सामना नसतो, कुणी घाई करत नाही. पुढे-मागे स्केटिंग जमलं आणि दोन्ही बाजूंना थांबता आलं की नाव द्या. गोलकीपर व्हायची इच्छा असेल तर जरूर व्हा. सामान महाग आणि जड असतं, पण गोलकीपर प्रत्येक टीमला हवा असतो, आणि बऱ्याच टीम त्याच्याकडून पैसे कमी घेतात किंवा घेतच नाहीत.

सराव बघायला येणार असाल तर लाइट रेलने या, नॉर्थगेट स्टेशनवरून चालत अंतर आहे. वेळापत्रक आदल्या दिवशी पुन्हा तपासा, संघ दौऱ्यावर असला की सराव नसतो. उन्हाळ्यातही आत जाडसर जाकीट लागतं, आणि आजी-आजोबांना आणणार असाल तर त्यांच्यासाठी शाल आणि बसायला उशी घ्या, बाकं गार असतात. रात्री खेळायला येताना मात्र गाडीच आणा, कारण ती बॅग घेऊन रेल्वेत चढणं कुणालाच सोयीचं नाही.